कोठाराखालचे शासन : लिथुआनियातील प्रतिकारयुद्ध आणि फेब्रुवारी १९४९ ची बैठक

१९४९ च्या फेब्रुवारी महिन्यात लिथुआनियाच्या मध्यभागातील मिनायचिआय या खेड्यात, स्तानिस्लोव्हास मिक्निउस या शेतकऱ्याच्या धान्यकोठाराखाली खणलेल्या तळघरात, देशाच्या निरनिराळ्या भागांतून लपतछपत आलेले आठ सशस्त्र लढवय्ये एकत्र जमले होते. त्यांच्यात लष्करी अधिकारी होता, शिक्षक होता, कवीही होता. त्यांनी आपापल्या विखुरलेल्या तुकड्यांची मिळून ‘लिथुआनियाच्या स्वातंत्र्यसैनिकांची चळवळ’ ही एकच संघटना स्थापन केली, तिची परिषद नेमली, आणि १६ फेब्रुवारीला, म्हणजे १९१८ साली देशाचे स्वातंत्र्य जाहीर झाले त्याच तिथीला, एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देश व्यापलेला असेपर्यंत त्याच्या भूमीवरील सर्वोच्च राजकीय आणि लष्करी सत्ता या परिषदेकडे आहे, असे त्या जाहीरनाम्यात म्हटले होते.

बाहेर तेव्हा काय चालले होते, हे पाहिले की या कृतीचे नवल वाटते. सोव्हिएत सत्ता परत येऊन साडेचार वर्षे झाली होती. १९४५ च्या सुमारास जंगलांत जवळजवळ तीस हजार माणसे होती. त्यांपैकी फार थोडी आता उरली होती. सोव्हिएत नोंदींनुसार १९४५ या एकाच वर्षात पावणेदहा हजारांहून अधिक लोक मारले गेले होते, आणि त्या आकड्यात लष्करभरती टाळण्यासाठी नुसते लपून बसलेले निःशस्त्र तरुणही धरलेले आहेत. लष्करी दृष्टीने युद्ध हरल्यात जमा असताना या आठजणांनी शासन का स्थापले, आणि त्यातून काय साधले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तीन वेळा बदललेली सत्ता

जून १९४० मध्ये सोव्हिएत संघाने लिथुआनिया गिळंकृत केला. वर्षभराने, १४ जून १९४१ पासून, सुमारे सतरा हजार माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे व रशियाच्या अंतर्भागात पाठवण्यात आले. त्यानंतर आठवडाभरातच जर्मन सैन्य आले. अनेक लिथुआनियन तरुणांनी सोव्हिएत सैन्याविरुद्ध उठाव केला, तात्पुरते सरकारही जाहीर केले. जर्मनांनी ते काही आठवड्यांत गुंडाळले. याच काळात देशातील ज्यू समाजाचा संहार झाला. सुमारे दोन लाख ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मारले गेले, बहुतेक गावाबाहेरच्या खड्ड्यांपाशी, आणि या हत्याकांडात स्थानिक सशस्त्र गटांनी व पोलिसांनी प्रत्यक्ष भाग घेतला. युद्धोत्तर प्रतिकाराचा अभ्यास करताना ही पार्श्वभूमी बाजूला ठेवता येत नाही. पुढे तिच्याकडे परत यावेच लागते.

१९४४ च्या फेब्रुवारीत जनरल पोव्हिलास प्लेखाव्हिचियुस यांना जर्मनांनी स्थानिक संरक्षण दल उभारू दिले. हजारो तरुण त्यात आले, कारण पुन्हा रशियन येणार हे सर्वांना दिसत होते. पण जर्मनांनी हे दल थेट आपल्या हुकमतीखाली घेऊ पाहताच मे महिन्यात ते मोडले. त्यातील अनेकजण शस्त्रांसह घरी किंवा रानात गेले. जुलैमध्ये राजधानी व्हिल्निउस लाल सैन्याच्या हाती पडले आणि लगेच सक्तीची लष्करभरती सुरू झाली. भरती टाळणे, अटकेचे भय, १९४१ च्या हद्दपारीची आठवण आणि पश्चिमेकडून मदत येईल ही आशा, या साऱ्यांमुळे लोक जंगलात गेले. १९४१ साली अमेरिका व ब्रिटन यांनी जाहीर केलेल्या अटलांटिक सनदेत राष्ट्रांना स्वयंनिर्णयाचे आश्वासन होते आणि अमेरिकेने बाल्टिक देशांचे (लिथुआनिया, लॅट्व्हिया, एस्टोनिया) सोव्हिएत संघातील विलीनीकरण मान्य केलेले नव्हते. त्यामुळे ही आशा तेव्हा वेडगळ वाटत नव्हती.

सुरुवातीला मोठ्या तुकड्यांनी उघड लढाया केल्या. १६ मे १९४५ रोजी, युरोपात युद्ध संपून आठवडा उलटल्यावर, काल्निश्केच्या जंगलात योनास नेइफाल्ता यांच्या तुकडीला सोव्हिएत सैनिकांनी वेढले. दिवसभर चाललेल्या त्या लढाईत नेइफाल्ता यांची पत्नी आल्बिनाही लढताना मारली गेली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला अडोल्फास रामानाउस्कस यांच्या माणसांनी मेर्किने या गावावर हल्ला केला. आलितुसच्या अध्यापक विद्यालयात शिकवणारे, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९१८ साली जन्मलेले रामानाउस्कस पुढे मिनायचिआयच्या बैठकीत दिसतात. पण अशा लढायांत होणारे नुकसान भरून काढता येत नव्हते, आणि १९४६ नंतर चार-पाच जणांच्या टोळ्यांनी, बहुतेक वेळ जमिनीखाली काढून, युद्ध चालू राहिले.

शेतकऱ्याचे घर हाच किल्ला

गनिमी युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, घाट आणि अवघड कडे येतात. लिथुआनियात यातले काही नाही. तिथल्या सर्वांत उंच टेकडीची उंची ३०० मीटरही भरत नाही. जंगले आहेत, पण सलग फार मोठी नाहीत. हिवाळ्यात बर्फावर प्रत्येक पावलाचा ठसा उमटतो आणि माग काढणाऱ्याला नकाशाची गरजच उरत नाही. अशा भूमीत नऊ वर्षे लढता आले ते एका गोष्टीमुळे : एकमेकांपासून दूर वसलेली स्वतंत्र शेतकरी कुटुंबे. या घरांनी भाकरी, मांस, कपडे, औषध आणि बातमी पुरवली. घराच्या जोत्याखाली, गोठ्यात, कोठारात, कधी विहिरीच्या भिंतीतून शिरता येईल अशा खोदलेल्या खोल्यांत माणसे महिनोन्महिने राहिली. खणलेली माती रात्री दूर नेऊन टाकावी लागे. निरोप पोहोचवण्याचे काम मुख्यतः स्त्रिया आणि मुली करत. त्यांच्याविना एकाही विभागाचा दुसऱ्याशी संपर्क टिकला नसता, आणि पकडल्या गेल्यावर त्यांचाही पुरुषांइतकाच छळ झाला.

या लोकांनी आपण टोळी नसून सैन्य आहोत हे दाखवण्यासाठी जे कष्ट घेतले, त्यांना या प्रकरणात फार महत्त्व आहे. ते स्वतंत्र लिथुआनियाच्या सेनेचा गणवेश घालत, त्यावर राष्ट्रचिन्ह लावत, शपथ घेत, हुद्दे देत, नोंदवह्या ठेवत. देशाचे तीन प्रदेश आणि त्यांखाली नऊ जिल्हे अशी रचना हळूहळू तयार झाली. वृत्तपत्रे तळघरांत छापली जात. युद्धाविषयीच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांनुसार युद्धकर्त्याला जबाबदार सेनापती हवा, दुरून ओळखता येणारे चिन्ह हवे, शस्त्र उघडपणे वागवायला हवे आणि युद्धाचे नियम पाळायला हवेत. जंगलात शिरलेल्या जुन्या लष्करी अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. सोव्हिएत सत्तेने मात्र त्यांना अखेरपर्यंत ‘डाकू’ म्हटले आणि देशद्रोहाच्या कलमाखाली त्यांचे खटले चालवले.

आता दुसरी बाजू. मारल्या गेलेल्या लढवय्यांची प्रेते गावच्या बाजारचौकात टाकली जात, आणि त्यांच्याकडे पाहताना कोणाचा चेहरा बदलतो, कोणाला रडू येते, यावर पाळत असे, कारण ओळख पटली की त्या घराची पाळी येत असे. आईला आपल्या मुलाच्या प्रेताजवळून काहीच न घडल्यासारखे चालत जावे लागे. स्थानिक लोकांतूनच भरलेली सशस्त्र सहायक पथके, ज्यांना लोक तिरस्काराने ‘स्त्रिबाय’ म्हणत, या कामात सोव्हिएत सैनिकांना वाट दाखवत. त्यामुळे हे युद्ध परकीयांविरुद्धचे असूनही गावागावांत भाऊबंदकीचे रूप घेऊ लागले.

या युद्धात जंगलातल्या लोकांनीही हजारो नागरिकांना ठार केले. सोव्हिएत अधिकारी, खबरे, सामूहिक शेतांचे पहिले सभासद, जप्त जमिनीवर बसवलेले नवे शेतकरी यांच्याबरोबर त्यांच्या बायकामुलांचेही जीव गेले. काही निवाडे लढवय्यांच्या स्वतःच्या क्षेत्र-न्यायालयांनी (युद्धक्षेत्रातील लष्करी न्यायालयांनी) पुरावे पाहून दिले. अनेक हत्या संशयावर किंवा सूडापोटी झाल्या. राष्ट्रीय स्मृतीने या चळवळीला जो मान दिला आहे तो मला योग्य वाटतो, आणि म्हणूनच या मृतांची नोंद त्याच वहीत झाली पाहिजे असेही वाटते.

विश्वासाचा प्रश्न

१९४६ च्या उन्हाळ्यात सर्व प्रतिकारगटांना एका छत्राखाली आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. त्यात पुढाकार घेणारा, व्हिल्निउसमध्ये राहणारा, सुशिक्षित, बोलका डॉक्टर युओझास मार्कुलिस हा ‘गरुड’ या टोपणनावाने वावरत होता, आणि तो सोव्हिएत राज्यसुरक्षा खात्याचा हस्तक होता. लढवय्यांनी शस्त्रे ठेवून खोट्या कागदपत्रांवर शहरी जीवनात मिसळावे, नेत्यांनी त्याच्याकडे याद्या व छायाचित्रे द्यावीत, असे तो सुचवत होता; १९४७ च्या जानेवारीत सर्व सेनापतींना व्हिल्निउसमध्ये एका बैठकीसाठी बोलावून एकाच वेळी पकडण्याचा बेत होता. वास्तुशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडून जंगलात गेलेल्या युओझास लुक्शा या तरुणाला त्याचे खरे रूप वेळेत कळले आणि सापळा फसला. पण तोवर कितीतरी नावे, पत्ते आणि वाटा शत्रूच्या हाती गेल्या होत्या.

माझ्या मते मिनायचिआयची बैठक समजून घ्यायची तर आधी मार्कुलिस समजून घ्यावा लागतो. शहरात बसलेल्या राजकीय केंद्रावर विश्वास ठेवल्याची किंमत काय असते, हे चळवळीने पाहिले होते. यापुढील नेतृत्व शस्त्र हाती असलेल्यांतूनच, एकमेकांना युद्धात ओळखणाऱ्यांतूनच निवडायचे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यासाठी दोन वर्षे लागली, कारण दक्षिणेकडच्या सेनापतीला पश्चिमेकडे पोहोचायलाच आठवडे लागत आणि प्रत्येक मुक्कामी एखादे शेतकरी कुटुंब पणाला लागत असे.

दुसरा प्रश्न देशाबाहेरचा होता. डिसेंबर १९४७ मध्ये लुक्शा एका सहकाऱ्याबरोबर पोलंडची सीमा लढत ओलांडून पश्चिमेला पोहोचला. पोपसाठीचे पत्र आणि हद्दपारीची माहिती त्याच्याकडे होती. जर्मनीत निर्वासित राजकीय पक्षांची एक सर्वोच्च समिती काम करत होती आणि आपणच राष्ट्राचे प्रतिनिधी आहोत असे तिचे म्हणणे होते. जुलै १९४८ मध्ये बाडेन-बाडेन येथे झालेल्या वाटाघाटींत देशांतर्गत लढ्याचे नेतृत्व देशातच राहील, असे ठरले. हे कागदावरचे मान्य झालेले तत्त्व अमलात आणायचे, तर देशात एक ओळखता येणारे, नियमानुसार निवडलेले नेतृत्व असणे आवश्यक होते. १९४९ च्या सुरुवातीला ते नव्हते.

जाहीरनामा

परिषदेच्या अध्यक्षस्थानी योनास झेमायटिस यांची निवड झाली. पालांगा येथे १९०९ साली जन्मलेले, फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या तोफखाना विद्यालयात शिकलेले हे शांत कप्तान स्वभावाने संघटक होते. इतर सात सह्या अलेक्सांद्रास ग्रीबिनास, व्हीतौतास गुझास, युओझास शिबायला, ब्रोनियुस लिएसिस, लेओनार्दास ग्रिगोनिस, पेत्रास बार्तकुस आणि अडोल्फास रामानाउस्कस यांच्या होत्या.

जाहीरनाम्यात बावीस कलमे आहेत. ती वाचताना सर्वांत आधी जाणवतो तो त्यांतला संयम. लढून थकलेल्या, घरेदारे गमावलेल्या माणसांनी लिहिलेल्या या मजकुरात सूडाची भाषा जवळजवळ नाही. देश लोकशाही प्रजासत्ताक असेल, सार्वभौम सत्ता राष्ट्राची असेल, मुक्त आणि गुप्त मतदानाने संसद निवडली जाईल, आणि ती निवडली जाईपर्यंत परिषदेच्या अध्यक्षमंडळाचा प्रमुख प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षाची कर्तव्ये पार पाडील, असे त्यात म्हटले आहे. कम्युनिस्ट पक्षाला, तो हुकूमशाहीवादी आहे या कारणावरून, कायदेशीर पक्ष मानलेले नाही. बोल्शेविक किंवा जर्मन, कोणत्याही व्यापलेल्या काळात शत्रूशी हातमिळवणी करून देशाचे अहित केलेल्यांना लिथुआनियाच्या न्यायालयापुढे उत्तर द्यावे लागेल, असेही कलम आहे. ‘जर्मन’ हा उल्लेख मला विशेष लक्षणीय वाटतो. ज्यूंच्या संहाराचे नाव मात्र त्यात घेतलेले नाही, आणि ती उणीव आज डोळ्यांत भरते. शेवटी अटलांटिक सनद आणि दोनच महिन्यांपूर्वी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा यांचा आधार घेऊन लोकशाही जगाकडे मदत मागितली आहे.

जिनिव्हा येथे संघटित प्रतिकारचळवळींच्या सैनिकांना युद्धकैद्याचा दर्जा देणारा करार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वीकारला गेला. कोठाराखालच्या आठजणांनी सहा महिने आधी जे केले, ते नेमके त्या दर्जाला पात्र ठरण्यासाठी लागणारे काम होते : जबाबदार नेतृत्व, एक रचना, लेखी नियम.

त्यानंतरच्या घटना

बैठक संपून महिना होतो न होतो तोच, २५ मार्च १९४९ रोजी, तिन्ही बाल्टिक देशांत एकाच वेळी हद्दपारीची मोहीम सुरू झाली. चार दिवसांत नव्वद हजारांहून अधिक लोक नेले गेले. त्यांतले सुमारे ३२ हजार लिथुआनियातले. आदल्या वर्षी मे महिन्यात केवळ लिथुआनियातून सुमारे चाळीस हजार नेले होते आणि १९५१ च्या शरद ऋतूत आणखी सुमारे सोळा हजार जाणार होते. मागे उरलेल्या शेतकऱ्यांनी भीतीने सामूहिक शेतात नावे घातली. १९४९ च्या आरंभी अगदी थोडी शेते सामूहिक झाली होती. १९५१ पर्यंत जवळजवळ सर्व झाली. शेतकऱ्याचे स्वतःचे धान्य, स्वतःची गाय आणि स्वतःचे कोठार गेले, तेव्हा जंगलातल्या माणसाला देण्यासारखे त्याच्याकडे काही उरले नाही. लढाया, खबरे आणि छळ यांनी चळवळीला जखमी केले. तिचा प्राण गेला तो या हद्दपारीने आणि सामूहिकीकरणाने, असे माझे ठाम मत आहे. शेतीची मालकी ही या युद्धाची रसद होती, आणि ती तोडणे हे राज्याच्याच हातात होते.

सह्या करणाऱ्यांपैकी गुझास, बार्तकुस, लिएसिस आणि ग्रीबिनास हे चौघे त्याच वर्षी मारले गेले. ग्रिगोनिस १९५० मध्ये आणि शिबायला फेब्रुवारी १९५३ मध्ये गेले. पश्चिमेत राहिलेल्या लुक्शाने आपल्या आठवणी लिहिल्या, नियोले ब्राझेनाइते या वैद्यकीय विद्यार्थिनीशी विवाह केला, आणि विवाहानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९५० मध्ये, अमेरिकी गुप्तचरांनी दिलेल्या विमानातून तो हवाई छत्रीने मायदेशी उतरला. मदत येणार नाही हे त्याला तोवर कळले होते, असे त्याच्या वागण्यावरून वाटते. ४ सप्टेंबर १९५१ रोजी कौनासजवळ, त्याच्यासारख्याच मार्गाने आलेल्या आणि पकडला गेल्यावर फितूर झालेल्या सहकाऱ्याने त्याला भेटीला बोलावले. तिथे तो मारला गेला. याच काळात राज्यसुरक्षा खाते फितूर झालेल्या माजी लढवय्यांची पथके जंगलातल्या लढवय्यांच्याच वेशात फिरवत होते, त्यामुळे रात्री दार ठोठावणारा कोण, हे शेतकऱ्याला समजणे अशक्य झाले.

झेमायटिस यांना डिसेंबर १९५१ मध्ये पक्षाघात झाला. ते दीड वर्ष तळघरात अंथरुणावर होते. ३० मे १९५३ रोजी शिमकायचिआयच्या जंगलात वायू सोडून त्यांना जिवंत पकडण्यात आले आणि मॉस्कोला नेण्यात आले. जून अखेरीस खुद्द सोव्हिएत गृहमंत्री बेरिया याने त्यांची भेट घेतली. दुसऱ्याच दिवशी बेरियाला अटक झाली. त्या संभाषणातून काय निघाले असते, यावर इतिहासकारांनी तर्क केले आहेत. पण चौकशीत झेमायटिस यांनी लढा कायदेशीर होता हीच भूमिका मांडली. २६ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांना गोळी घातली गेली. रामानाउस्कस यांनी सशस्त्र लढा थांबवून पत्नी बिरुतेबरोबर खोट्या नावाने वास्तव्य केले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये एका जुन्या परिचिताच्या फितुरीमुळे दोघे पकडले गेले. अमानुष छळानंतर २९ नोव्हेंबर १९५७ रोजी रामानाउस्कस यांना मारण्यात आले, आणि बिरुते यांची श्रमछावणीत रवानगी झाली. रामानाउस्कस यांचे अवशेष व्हिल्निउसमध्ये २०१८ साली सापडले व ऑक्टोबरमध्ये शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले.

जाहीरनाम्याचे कायदेशीर आयुष्य

स्वतंत्र लिथुआनियाच्या संसदेने १२ जानेवारी १९९९ रोजी कायदा करून १६ फेब्रुवारी १९४९ चा जाहीरनामा राज्याच्या सातत्याचा दस्तऐवज म्हणून मान्य केला. त्यानुसार २००९ साली झेमायटिस यांना आणि २०१८ साली रामानाउस्कस यांना तत्कालीन राष्ट्रप्रमुख म्हणून मान्यता मिळाली. या मान्यतेचा एक फार व्यावहारिक परिणाम झाला. लढवय्यांच्या हत्येत सामील असलेल्या माजी सोव्हिएत अधिकाऱ्यांवर लिथुआनियन न्यायालयांनी नरसंहाराचे आरोप ठेवले. १९५३ मधील दोन लढवय्यांच्या हत्येप्रकरणी झालेली शिक्षा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये नऊ विरुद्ध आठ मतांनी चुकीची ठरवली. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय कायद्यात राजकीय गटांचा नाश नरसंहारात मोडत नव्हता, आणि हे लढवय्ये राष्ट्रीय समूहाचा महत्त्वाचा भाग कसे होते हे राष्ट्रीय न्यायालयांनी पुरेसे उलगडले नव्हते, असे बहुमताचे म्हणणे होते. त्यानंतर लिथुआनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उलगडा केला. रामानाउस्कस दांपत्याच्या अटकेत भाग घेतलेल्या अधिकाऱ्याच्या खटल्यात मार्च २०१९ मध्ये त्याच युरोपीय न्यायालयाने तो मान्य करून शिक्षा योग्य ठरवली. या चळवळीला एकसंध नेतृत्व होते आणि राष्ट्राच्या अस्तित्वासाठी तिचे कार्य महत्त्वाचे होते, हे न्यायालयापुढे दाखवताना १९४९ च्या त्या रचनेचे वजन पडते.

१९४१ च्या हत्याकांडात सहभागी असलेले किती लोक पुढे जंगलात गेले, हा वाद मात्र कोणत्याही न्यायालयाने मिटवलेला नाही. बहुसंख्य लढवय्ये १९४४ नंतर लष्करभरतीच्या वयात आलेले शेतकरी तरुण होते, त्यामुळे संपूर्ण चळवळीवर तो डाग लावणे सोव्हिएत प्रचाराला सोयीचे होते. त्याचबरोबर काहींच्या बाबतीत आरोप खरे आहेत, आणि ज्या माणसांच्या नावे फलक लागले आहेत त्यांच्या पूर्वायुष्याच्या फायली एकेक करून तपासण्याचे काम व्हिल्निउसच्या अभिलेखागारांत आज चालू आहे.